जुनी बाइक दुसऱ्या राज्यात नेताय? गाडी हलवण्याआधीची तयारी

सुरुवात कागदांपासून करू नका, हँडलपासून करा. टॉर्च, डिझेलमध्ये भिजवलेलं फडकं आणि आरसी घेऊन बसा. हँडल एका बाजूला पूर्ण वळवलं की फ्रेमच्या मानेवर ठोकलेला चॅसिस नंबर दिसतो, म्हणजे दिसायला हवा. जुन्या गाडीत तो ग्रीस, धूळ आणि कधीतरी मारलेल्या रंगाखाली गाडलेला असतो. फडक्याने पुसून काढा, सँडपेपर मात्र लावू नका, नंबर घासलेला दिसला की इन्स्पेक्टरला नसता संशय येतो. मग एकेक अक्षर आरसीशी ताडून बघा. माझ्या गाडीच्या फ्रेमवर ‘बी’ होता आणि आरसीवर ‘आठ’. इतकी वर्षं गाडी चालवली, दरवर्षी विमा काढला, कुणाच्या लक्षात आलं नाही. नव्या राज्यात पासिंगच्या, म्हणजे आरटीओतल्या तपासणीच्या दिवशी इन्स्पेक्टरने बोट ठेवलं. चूक जुन्या आरटीओची, त्यामुळे दुरुस्तीही तिथेच. गाडी इकडे, रेकॉर्ड तिकडे. दोन महिने गेले.

म्हणून ही सगळी यादी एकाच हिशेबाने लावली आहे: जी कामं फक्त जुन्या आरटीओत होतात ती गाडी तिथे असतानाच उरका. नव्या राज्यातली कामं तुलनेने सोपी असतात.

नंबर स्वच्छ झालाच आहे तर प्रिंटही काढून ठेवा. मऊ पेन्सिल आडवी धरून नंबरावर घासायची, वर पारदर्शक चिकटपट्टी दाबायची आणि अलगद सोलून पांढऱ्या कागदावर लावायची. करड्या पट्ट्यावर नंबर पांढरा उमटतो. पहिले दोन-तीन प्रिंट वाया जातात. चांगले पाच-सहा जमले की थांबा. एनओसीच्या, म्हणजे जुन्या आरटीओच्या नाहरकत प्रमाणपत्राच्या अर्जाला लागतात, पुढे पासिंगलाही मागतात. इंजिन नंबर क्रँककेसवर असतो, तोही बघून घ्या. कधी इंजिन बदललं असेल आणि आरसीवर नोंद नसेल तर तेही आत्ताच निस्तरायला हवं. रंगाचंही तेच. आरसीवर काळा आणि टाकी लाल असेल तर आधी नोंद, मग पुढचं.

आता सरकारचं ‘वाहन’ पोर्टल. गाडीचा नंबर आणि चॅसिसचे शेवटचे पाच आकडे टाकून रेकॉर्ड उघडतं का बघा. पुस्तकवाली जुनी आरसी असेल तर बऱ्याचदा गाडी ऑनलाइन सापडतच नाही; मग मूळ आरटीओत बॅकलॉग एंट्री, म्हणजे जुनी नोंद संगणकावर चढवून घ्यावी लागते. रेकॉर्ड सापडलं तर मोबाइल नंबर तुमचाच आहे का ते तपासा, कारण सगळे ओटीपी त्यावर येणार. थकलेली ई-चलनं भरून टाका.

आरसीवर अजून बँकेचं नाव असेल (कर्ज फिटून दहा वर्षं झाली तरी लोक ते काढत नाहीत) तर बँकेचं नाहरकत पत्र आणि फॉर्म ३५ लागतो. बँकच राहिली नसेल तर ती कुठे विलीन झाली ते बघा: विजया आणि देना बँक २०१९ मध्ये बँक ऑफ बडोदात गेल्या, २०२० मध्ये सिंडिकेट कॅनरात, तर आंध्रा आणि कॉर्पोरेशन युनियन बँकेत. पत्र आता तिथून मिळेल.

गाडी वडिलांच्या नावावर असेल तर तो वेगळाच फाटा. वडील असतील तर गाडी तुमच्या नावावर करायला फॉर्म २९ आणि ३० वर त्यांच्या सह्या. नसतील तर वारस म्हणून फॉर्म ३१.

वयाकडे नीट बघा. नोंदणी पहिल्यांदा १५ वर्षांची असते, नंतर पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण, त्यासाठी फॉर्म २५ आणि प्रत्यक्ष तपासणी. मुदत संपायला थोडेच महिने उरले असतील तर नूतनीकरण करूनच निघा. संपलेल्या आरसीवर एनओसी मागत बसण्यात अर्थ नाही.

एनओसीचा अर्ज म्हणजे फॉर्म २८. सोबत आरसी, चालू विमा, चालू पीयूसी, टॅक्स भरल्याचा पुरावा. अर्जात कुठल्या आरटीओकडे जायचंय ते लिहावं लागतं, तिथे घाई करू नका. पुणं म्हणून एमएच १२ लिहिलं आणि घर पिंपरी-चिंचवडच्या हद्दीत म्हणजे एमएच १४ मध्ये निघालं, तर पुन्हा पहिल्यापासून. आधी घर ठरवा, मग अर्ज.

गाडी रेल्वेने पाठवणार असाल तर पेट्रोल पूर्ण काढावं लागतं, आरसी-विम्याच्या झेरॉक्स द्याव्या लागतात. आरसे काढून पिशवीत घ्या, इंडिकेटरवर गोणपाट जाड बांधून घ्या. पार्सलची पावती फेकू नका. मोटार वाहन कायद्याच्या कलम ४७ प्रमाणे दुसऱ्या राज्यात १२ महिन्यांपेक्षा जास्त गाडी ठेवली तर नवा नंबर घ्यावा लागतो. गाडी कधी आली याचा तुमच्याकडचा पुरावा म्हणजे ती पावती.

नव्या गावी नव्या नंबरासाठीचा फॉर्म २७, एनओसी, मूळ आरसी, पत्त्याचा पुरावा. भाडेकरार नोंदणीकृत असेल तर वाद राहत नाही. टॅक्स गाडीचं वय आणि किंमत बघून लागतो, म्हणून शोरूमचं मूळ बिल शोधा. पासिंगला जाताना हॉर्न, ब्रेकलाइट, इंडिकेटर चालू हवेत आणि सायलेन्सर कंपनीचाच हवा. फटफट आवाजाची हौस नंतर, खरं तर नंतरही नको.

नवा नंबर मिळाला की विमा कंपनीला कळवून पॉलिसीवर तो चढवून घ्या. जुनी पाटी उतरवा आणि नव्या नंबराची हाय सिक्युरिटी पाटी मागवा. तिचं स्नॅप लॉक एकदा बसलं की तोडल्याशिवाय निघत नाही, तेव्हा बसवताना पाटी सरळ आहे ना ते बघा. जुन्या राज्यात भरलेल्या टॅक्सचा उरलेला भाग परत मागता येतो, १५ वर्षं उलटलेल्या गाडीला त्यातून फारसं काही मिळणार नाही. पण मागायचाच असेल तर जुन्या आरसीची प्रत लागते, आणि मूळ आरसी तर नव्या आरटीओत जमा झालेली असते. तेव्हा काउंटरवर द्यायच्या आधी दोन्ही बाजूंची झेरॉक्स काढून ठेवा.