पाणबुडीचं फ्लेक्झिबल डिझाईन: या चुका टाळा

फ्लेक्झिबल डिझाईन, म्हणजे पुढे बदल करता येतील असं डिझाईन, म्हटलं की बरेच जण थोडी रिकामी जागा सोडायची आणि मॉड्यूल (काढून बदलता येणारे भाग) करायचे एवढंच धरून चालतात. साध्या जहाजात हे बऱ्यापैकी खपतं, वजन वाढलं तर जहाज पाण्यात थोडं जास्त खोल बसतं. पण पाणबुडीला पाण्याखाली वजन आणि बॉयन्सी (पाण्याचा वर ढकलणारा जोर) बरोब्बर जुळवावीच लागते, त्यामुळे इथे फ्लेक्झिबिलिटी मोजायची ती टनांत, नुसत्या क्युबिक मीटरमध्ये नाही.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे वजनाचं मार्जिन (पुढच्या वाढीसाठी राखलेले टन) कोणाच्याच नावावर नसणं. सोनारवाले थोडं घेतात, केबलवाले थोडं घेतात, आणि कळतं तेव्हा हल (पाणबुडीचं बाहेरचं कवच) बनायला लागलेला असतो. स्पेनच्या एस-80 पाणबुडीचं बघा, 2013 मध्ये बाहेर आलं की बोट 75 ते 100 टन जड होतेय, म्हणजे पाण्याखाली गेली तर वर येण्याचीच खात्री नाही! शेवटी अमेरिकेच्या इलेक्ट्रिक बोट या पाणबुड्या बनवणाऱ्या कंपनीचा सल्ला घेऊन लांबी साधारण 71 वरून 81 मीटर केली, आणि पहिली बोट नौदलात आली नोव्हेंबर 2023 मध्ये.

हे आधी ओळखायचं कसं? दर महिन्याच्या वेट रिपोर्टमध्ये किती वजन प्रत्यक्ष काट्यावर मोजलेलं आहे आणि किती अंदाजाने टाकलंय ते वेगळं काढा, अंदाजाचा वाटा कमी होत नसेल तर तिथेच थांबा. दुसरं म्हणजे शिशाच्या बॅलास्टवर (तोल राखायला तळाशी ठेवलेल्या वजनावर) नजर ठेवा. खालचं शिसं काढून तेवढ्याच वजनाची मशीन वर बसवली तर कागदावर टोटल जुळते पण सेंटर ऑफ ग्रॅव्हिटी वर सरकतं आणि स्टॅबिलिटी जाते, म्हणून टोटल सोबत उंचीचा हिशोबही लागतोच.

"कमी पडलं तर लांबी वाढवू" हेही डोक्यातून काढा. प्लग, म्हणजे हल कापून मध्ये जोडायचा नवा तुकडा, टाकता येतो, स्वीडनने नेकेन पाणबुडी मधोमध कापून 8 मीटरचा स्टर्लिंग इंजिनचा भाग बसवला आणि 1988 मध्ये ती परत पाण्यात उतरवली. आपल्याकडे कलवरी क्लासच्या पाणबुड्यांसाठी अंबरनाथच्या एनएमआरएल या डीआरडीओच्या लॅबने फ्युएल सेलवालं एआयपी (बाहेरची हवा न घेता पाण्याखाली वीज देणारी यंत्रणा) बनवलंय आणि त्याचा प्लग बनवून बसवायचा 1,990 कोटींचा करार डिसेंबर 2024 मध्ये माझगाव डॉकशी झाला. पण प्लग शक्यतो स्वतःचं वजन स्वतःच उचलणारा हवा, नाहीतर त्याचा भार जुन्या हलवर येतो, शिवाय ट्रिम (पुढे-मागे तोल) बदलतो, घर्षण वाढून स्पीड घटतो, आणि एआयपीचा ऑक्सिजन संपत जातो तसं वजन हलकं होतं त्यासाठी कॉम्पेन्सेटिंग टाक्या (पाणी घेऊन ते वजन भरून काढणाऱ्या) लागतात. बंदरही विसरू नका, एस-80 लांब झाली म्हणून कार्टाहेनाचे धक्के वाढवायची वेळ आली.

मॉड्यूलच्या बाबतीत माझं मत स्पष्ट आहे, खोका आणि त्यातलं यंत्र दोन्ही एकाच वेळी नव्याने डेव्हलप करू नका. डेन्मार्कच्या युद्धनौकांवरची स्टॅनफ्लेक्स ही मॉड्यूलची पद्धत चालली कारण 3 बाय 3.5 बाय 2.5 मीटरचा ठरलेला कंटेनर होता आणि आत तोफ, मिसाईल अशी बरीचशी तयार शस्त्रं होती. अमेरिकेच्या एलसीएस या किनाऱ्याजवळ लढायच्या युद्धनौकांमध्ये जहाज आणि मिशन पॅकेज (कामानुसार बदलायचा शस्त्रं-उपकरणांचा संच) सोबतच बनत होते, अदलाबदलीचा प्लॅन 2016 मध्ये जवळपास सोडून द्यावा लागला आणि पाणबुडीविरोधी पॅकेज तर 2022 मध्ये बंदच झालं.

शेवटची चूक म्हणजे सगळंच लवकर फ्रीझ करणं, किंवा सगळंच उघडं ठेवणं. प्रेशर हलचा (पाण्याचा दाब झेलणाऱ्या मुख्य कवचाचा) व्यास आणि त्याच्या फ्रेममधलं (कवचाला आधार देणाऱ्या कड्यांमधलं) अंतर लवकर ठरवा कारण ते नंतर बदलत नाही. कॉम्बॅट सिस्टीमचे कॉम्प्युटर मात्र जमेल तेवढे उशिरा निवडा, त्यांच्यासाठी वीज आणि कूलिंगचं मार्जिन आधीच राखून ठेवा, आणि हल न कापता कोणत्या हॅचमधून काय बाहेर निघेल ते ड्रॉइंगवर रूट आखूनच तपासा.