सेल्फ-लाँच मोटर ग्लायडर डिझाइन करायचाय? इंजिन चालू असताना नाही, बंद असताना काय होतं तिथून सुरू करा

पुण्यात हडपसरला ज्यांनी विंच लाँच (जमिनीवरच्या यंत्राने केबल ओढून ग्लायडर वर पाठवणं) बघितलंय त्यांना माहितीये, एक ग्लायडर वर पाठवायला खाली किती जण लागतात, विंचवाला, केबल लावणारा, पंख धरून पळणारा. सेल्फ-लाँचमध्ये ही सगळी कटकट जाते, स्वतःच्या इंजिनवर वर जायचं, इंजिन पोटात घालायचं आणि थर्मल, म्हणजे वर जाणारी गरम हवा, शोधत फिरायचं. पण इंजिनचं काम पाच-दहा मिनिटांचं आणि पुढचे चार-पाच तास ते नुसतं ओझं, हे डोक्यात पक्कं ठेवूनच कागद-पेन्सिल घ्या.

आधी पॉवर काढा, अंदाजाने इंजिन निवडू नका. समजा पायलट धरून वजन ५०० किलो आणि ३ मीटर पर सेकंदाने वर जायचंय, तर ५०० गुणिले ९.८१ गुणिले ३ म्हणजे साधारण १४.७ किलोवॅट नुसते उंची मिळवायला. शिवाय ड्रॅग, म्हणजे हवेचा विरोध, आहेच, इंजिन बाहेर असताना ग्लाइड रेशो (एक मीटर खाली येताना किती मीटर पुढे जातो ते) २० धरला आणि स्पीड ताशी ९० किमी तर अजून ६ किलोवॅट. झाले २१च्या आसपास, पण एवढ्या कमी स्पीडला प्रॉपेलरची एफिशियन्सी ६० टक्केच धरा, म्हणजे शाफ्टवर ३५ किलोवॅट, जवळपास ४७ हॉर्सपॉवर. युरोपातल्या सीएस-२२ नियमात जमीन सोडल्यापासून ४ मिनिटांत ३६० मीटर एवढीच अट आहे, म्हणजे दीड मीटर पर सेकंद, पण तेवढ्यावर भागवलं तर उन्हाळ्यात, गवताच्या रनवेवर, पुढे झाडं असताना घाम फुटेल.

आता खरा प्रश्न, इंजिन ठेवायचं कुठे. पंखामागे पायलॉनवर, म्हणजे वर उभ्या होणाऱ्या खांबावर, बाहेर येणारं इंजिन ही आयडिया जुनी आहे, इंग्लंडमध्ये १९३५ सालीच कार्डन-बेन्स ऑक्झिलरी ह्या ग्लायडरवर २४९ सीसीचं व्हिलियर्स इंजिन असं आत-बाहेर होत होतं. नंतर डीजी-४०० ग्लायडरने तोच मार्ग घेतला, अख्खं इंजिन वर. एएसएच २६ ई मध्ये वँकेल (पिस्टनऐवजी फिरत्या रोटरचं) इंजिन फ्यूजलाजमध्येच, म्हणजे ग्लायडरच्या धडातच राहतं, फक्त प्रॉपेलर वर येतो आणि बेल्टने फिरतो, त्यामुळे ड्रॅग कमी, आवाजही कमी. आणि स्टेमे एस१० चा तर वेगळाच थाट, इंजिन सीटच्या मागे, दोन पायलटच्या मधून शाफ्ट नाकापर्यंत, प्रॉपेलर घडी होऊन नाकात जातो. सुंदर काम आहे, पण पहिल्याच डिझाइनला त्याच्या नादी लागू नका, पायलॉनच बरा.

पायलॉनचा त्रास दोन ठिकाणी होतो. वरच्या आकड्यांनी थ्रस्ट, म्हणजे प्रॉपेलरचा ढकलण्याचा जोर, साधारण ८३० न्यूटन येतो आणि तो सीजीच्या (गुरुत्वमध्याच्या) मीटरभर वरून ढकलतो, म्हणजे थ्रॉटल दिला की नाक खाली आणि इंजिन अचानक बंद पडलं की नाक वर, तेही कमी उंचीवर कमी स्पीडला, म्हणून एलिव्हेटर (शेपटीवरचा, नाक वर-खाली करणारा हलता भाग) पुरेसा मोठा ठेवा. दुसरं सीजी. ४० किलोचं युनिट मागे आडवं होताना अर्धा मीटर सरकलं तर सगळ्या ग्लायडरचा सीजी ४ सेंटिमीटर मागे जातो, आणि ग्लायडरमध्ये ४ सेंटिमीटर म्हणजे काही किरकोळ नाही. दोन्ही पोझिशनचं, हलक्या आणि जड पायलटचं, असं चारही वेळा गणित करा.

टू-स्ट्रोक इंजिन साडेसहा हजार आरपीएमला फिरतं, प्रॉपेलर तसा फिरवला तर टोकं बोंबलतील, म्हणून एकास तीनचं बेल्ट रिडक्शन (इंजिनच्या तीन फेऱ्यांना प्रॉपेलरची एक) आणि दीड मीटरचा प्रॉपेलर, टोकाचा स्पीड १७० मीटर पर सेकंदच्या आसपास येतो. आत घेताना प्रॉपेलर बरोबर उभा थांबला पाहिजे नाहीतर दरवाजे लागणार नाहीत, त्यासाठी ब्रेक द्या आणि पायलटला मागचं दिसायला कॉकपिटमध्ये आरसा. आरसा स्वस्त आहे, सेन्सरवर एकट्यावर विसंबू नका.

सगळ्यात वाईट अवस्था कुठली माहितीये का, इंजिन बाहेर आलंय आणि सुरू होत नाहीये. ग्लाइड रेशो १५ वर आला तर ताशी ९० ला मिनिटाला १०० मीटर उंची जाते. म्हणून बाहेर काढणं, स्टार्ट करणं, नाही झालं तर परत आत घेणं ह्याला किती सेकंद लागतात ते जमिनीवरच मोजा आणि खाली आवाक्यात उतरण्यासारखं शेत असल्याशिवाय इंजिन काढायचं नाही हे मॅन्युअलमध्ये मोठ्या अक्षरात लिहा.

इलेक्ट्रिकमध्ये ही धास्ती बरीच कमी होते, बटण दाबलं की मोटर फिरते. अंतारेस २० ई ह्या इलेक्ट्रिक ग्लायडरची ४२ किलोवॅटची मोटर हे चांगलं उदाहरण. ६०० मीटर वर जायला आपल्या ५०० किलोच्या ग्लायडरला साधारण २ ते अडीच युनिट लागतील, बॅटरी पॅक किलोला १५० वॅट-अवर धरला तर एका लाँचला १५ किलो, पण रिझर्व्ह आणि परत घरी यायचं धरून तिप्पट तरी ठेवा, आणि ते वजन पंखात वाटलं तर फ्यूजलाज हलका राहतो.

विंगटिपला छोटी चाकं आणि फिरणारं टेलव्हील विसरू नका, नाहीतर पंख धरायला माणूस परत आलाच. पहिली टेस्ट इंजिन आत ठेवून एरोटोवर, म्हणजे दुसऱ्या विमानाने ओढून नेऊन करा, मग भरपूर उंचीवर इंजिन बाहेर काढून बंदच ठेवून सिंक (उंची किती वेगाने कमी होते ते) मोजा, नंतर तिथेच स्टार्ट, आणि हे सगळं जमलं की मगच लांब रनवेवरून स्वतःच्या जोरावर उडा.