टेक्निकल रायटिंगसाठी मासिकं निवडताना मी कुठे फसले

हिंजवडीच्या बसमध्ये जाऊन-येऊन रोज अडीच-तीन तास जायचे. मी टेक्निकल रायटर, म्हणजे प्रॉडक्ट कसं वापरायचं ते सांगणारी गाईड लिहिते. माझी पानं रिव्ह्यूमधून लाल होऊन परत यायची, तेव्हा म्हटलं आपलं वाचनच कमी पडतंय, बसमध्ये वाचून काढू. आणि एका मोठ्या संस्थेच्या जर्नलचे वर्षाचे पैसे भरून मोकळी झाले.

जर्नल म्हणजे मासिक नव्हे, हे मला कळायला आठ महिने लागले. जर्नल संशोधकांनी संशोधकांसाठी लिहिलेलं असतं, वीस-पंचवीस पानांचा पेपर, त्यात आधी कोण काय म्हणालं, मग सर्व्हे कसा घेतला, आणि आपल्या कामाचं शेवटी अर्धं पान, तेही मिळालं तर. पीएचडीवाल्यांसाठी ते सोनंच आहे, पण आपल्याला उद्या रिलीज असते ना. मी मीटिंगमध्ये जड जड शब्द फेकायला लागले आणि त्याच आठवड्यात माझ्या गाईडमध्ये पायरी 6 होती 'रीसेट दाबा' आणि तिच्या खाली वॉर्निंग, 'रीसेट केल्यास सगळी सेटिंग्ज पुसली जातील'. टेस्टिंगमधल्या दादाने दाबलं, मग वाचलं. वॉर्निंग पायरीच्या आधी द्यायची असते हो! एवढं साधं, आणि मी वाचत काय होते तर रिसर्च मेथड.

त्यामुळे पैसे भरायच्या आधी एक लेख उघडून बघा. वर ॲबस्ट्रॅक्ट (म्हणजे पेपरचा सारांश) आणि शेवटी दोन पानं संदर्भ दिसले की सरळ बंद करा, निदान पहिली दोन वर्षं तरी.

जर्मनीतल्या टेकॉम या टेक्निकल रायटर्सच्या संघटनेचं टीसीवर्ल्ड हे मासिक इंग्रजीत आहे, ऑनलाइन फुकट वाचता येतं, तिथून सुरू करा. इंग्लंडच्या आयएसटीसी या तशाच संघटनेचं कम्युनिकेटर तिमाही आहे, ते नंतर बघा. जुन्या याद्यांमध्ये इंटरकॉम हे मासिक अजून पहिल्या नंबरवर असतं, पण ते काढणारी अमेरिकेतली एसटीसी ही संघटना जानेवारी 2025 मध्येच बंद पडली, तेव्हा यादी कधीची आहे ते आधी बघा. आणि 'सगळं वाच' म्हणणाऱ्या सिनियरला विचारा, तुम्ही शेवटचा अंक कधी उघडलात? (मी विचारलं होतं. विषय बदलला त्यांनी.) दोन दिवसांत डिटा (गाईडचा मजकूर छोट्या तुकड्यांत लिहिण्याची एक ठरलेली पद्धत) शिकवणाऱ्यांबद्दल तर बोलतच नाही.

घाबरू नका पण. महिन्याला एक लेख पुरतो, फक्त त्यातली एक गोष्ट त्याच आठवड्यात स्वतःच्या पानावर करून बघायची. परवा त्या गाईडची नवी आवृत्ती गेली, वॉर्निंग आता पायरी 6 च्या डोक्यावर आहे. दादा मात्र मला अजून 'रीसेट मॅडम'च म्हणतो.