नगरसेवकाला आमदारकी लढवायची असेल तर

पुण्याच्या कसबा पेठेत मी गेली कित्येक वर्षं उमेदवारांचे अर्ज भरून देतो. कोणत्या पक्षाचे, ते विचारू नका. प्रत्येक नगरसेवकाला एकदा तरी वाटतं, ड्रेनेज लाइन टाकली, टँकर पाठवला, आता मुंबई.

आधी मतदार यादी घेऊन बसा. २०२३च्या पोटनिवडणुकीत कसब्यात पावणेतीन लाखांच्या आसपास मतदार होते. त्यातले तुमच्या प्रभागातले किती, ते मोजा. उरलेल्या प्रत्येक यादी भागात तुम्हाला नावाने ओळखणारा एक तरी माणूस हवा. मंडळाचा अध्यक्ष नको, तो सगळ्यांनाच 'हो' म्हणतो. सोसायटीचा सेक्रेटरी किंवा दूधवाला चालेल. याला वेळ लागतो. गिरीश बापट १९८३ला नगरसेवक झाले, आमदार १९९५ला. रवींद्र धंगेकर कसब्यात २००९ला पडले, २०१४ला पडले, २०२३ला हेमंत रासनेंना हरवून निवडून आले आणि पुढच्याच वर्षी रासनेंकडूनच हरले. दोघेही मूळचे नगरसेवकच.

वय २५ पूर्ण हवं. महापालिकेचं २१ इथे चालत नाही. तिसऱ्या अपत्याची अट मात्र विधानसभेला नाही. हे मला दर वेळी कुणीतरी हळूच कानात विचारतं.

आता कागद. खर्चाचं स्वतंत्र बँक खातं अर्ज भरण्याच्या आदल्या दिवसापर्यंत उघडलेलं असावं. प्रतिज्ञापत्रातला एकही रकाना कोरा सोडू नका. काही नसेल तर 'निरंक' किंवा 'लागू नाही' लिहा. एबी फॉर्म, म्हणजे पक्षाने अधिकृत उमेदवारी दिल्याचा कागद, अर्ज भरण्याच्या शेवटच्या दिवशी दुपारी ३ वाजेपर्यंत पोचायला हवा, तोही शाईच्या मूळ सहीचा. साहेबांनी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेला फोटो दाखवून काही होत नाही.

मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला एक सूचक, म्हणजे अर्जावर नाव सुचवून सही करणारा मतदार, पुरतो, अपक्षाला दहा. सगळे त्याच मतदारसंघातले मतदार हवेत. माझ्या हातून एकदा घोटाळा झाला. दहातला एक सूचक रस्त्यापलीकडे राहणारा होता, आणि मतदारसंघाची हद्द नेमकी त्या रस्त्यावरून जात होती. छाननीत अर्ज बाद. तेव्हापासून मी प्रत्येक सूचकाचा भाग क्रमांक आणि अनुक्रमांक छापील यादीत बोट ठेवून बघतो. तो माणूस वीस वर्षांचा मित्र असला तरी.

निकालानंतर ३० दिवसांत खर्चाचा हिशोब द्यावा लागतो. हरलेले हमखास विसरतात, आणि मग तीन वर्षांची अपात्रता मागे लागू शकते. पावत्यांची पिशवी माझ्याकडे आणून ठेवलीत तरी चालेल, कपाटाचा खालचा खण रिकामाच आहे.