सायकलची फ्रेम पावडर कोटिंगला देताय? आटे आधी झाका

पावडर कोटिंग म्हणजे रंगाची पावडर फवारून भट्टीत भाजणं. ती आट्यांत बसली की बॉटम ब्रॅकेटचा (पेडलचा आस बसतो ती नळी) कप काही केल्या फिरत नाही. जळगाव एमआयडीसीत किंवा धुळ्याला अवधान एमआयडीसीत ग्रिल-गेटला कोटिंग करणाऱ्याकडे फ्रेम टाकणार असाल तर:

१. कप, छर्रे, केबल सगळं काढा. ग्रीस रॉकेलने पुसा. राहिलं तर भट्टीत वितळून रंगावर ओघळतं.

२. बाटलीच्या स्टँडच्या भोकांत जुने बोल्ट पिळा. बॉटम ब्रॅकेटला सिलिकॉनचं बूच लावायला सांगा, साधी चिकटपट्टी १८०-२०० अंशांत टिकत नाही.

३. काळ्या गेटचा लॉट कधी आहे ते विचारून त्यातच फ्रेम घाला. एका फ्रेमसाठी रंग बदलायचा तर पावडर फवारायची गन साफ करावी लागते, मग भावही तसाच.

कार्बनचा फोर्क (पुढचं चाक धरणारा चिमटा) मात्र भट्टीत चुकूनही नको.