वॉशिंग्टनची बातमी आणि ब्रुसेल्सची बातमी: टॉवेलवाल्यांनी कशी वाचावी

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत टेरी टॉवेलच्या एक्स्पोर्टची कागदपत्रं मी सांभाळतो. धंद्यात नव्याने आलेल्या पोरांसाठी हे लिहितोय, कारण तिकडच्या एका निर्णयावर इथल्या कामगाराचा पगार ठरतो.

बातमी आली की आधी बघा, सही कोणाची आहे. अमेरिकेत बऱ्याचदा एकट्या राष्ट्राध्यक्षाच्या सहीवर काम होतं. ऑगस्ट 2025 मध्ये भारतीय मालावर 7 तारखेला 25 टक्के जादा शुल्क बसलं आणि भारत रशियन तेल घेतो म्हणून 27 तारखेला आणखी 25. भांडण तेलाचं, भुर्दंड टॉवेलला! अशा वेळी त्याच दिवशी बिल ऑफ लेडिंगवरची (माल जहाजावर चढल्याच्या पावतीवरची) तारीख काढा. त्या दोन्ही आदेशांत आधीच जहाजावर चढलेल्या मालाला मुदतीपुरती सवलत होती. शुल्क कोण सोसणार, हे बायरकडून लेखी घ्या. घाबरून माग मात्र विकू नका. सहीने आलेलं सहीने जातंही.

ब्रुसेल्सची बातमी म्हणजे युरोपीय संघाची. या संघात 27 देश. परराष्ट्र धोरणाच्या बहुतेक निर्णयांना सगळ्यांचं एकमत लागतं, म्हणून तिथे गाडी हळू चालते. त्यांची खरी ताकद बाजारपेठेच्या नियमांत आहे. कापड रंगवायच्या ठराविक घातक अ‍ॅझो रंगांवरच्या बंदीचा नियम 2002 मध्ये झाला, 2003 पासून लागू झाला आणि आजही आहे. किलोमागे 30 मिलिग्रॅमची मर्यादा. युरोपच्या नव्या नियमाचा मसुदा दिसला की डाईंगवाल्याला लगेच कळवा, प्रत्येक लॉटचा टेस्ट रिपोर्ट जपून ठेवा. तो नियम मागे घेतला जाईल, या आशेवर राहू नका.

‘युरोपचा विरोध’ असा मथळा असेल तर कोणता युरोप, ते शोधा. 2003 मध्ये इराक युद्धाला फ्रान्स-जर्मनीचा विरोध होता. ब्रिटन, स्पेन, पोलंड अमेरिकेबरोबर होते.

आता सगळ्यात महत्त्वाचं, पैसा कोणत्या चलनात फिरतो ते. 2018 मध्ये अमेरिका इराणच्या अणुकरारातून बाहेर पडली आणि तिने इराणवर पुन्हा निर्बंध लादले. ब्रिटन, फ्रान्स, जर्मनी करारात राहिले. डॉलर टाळून व्यवहार व्हावा म्हणून 2019 मध्ये त्यांनी इन्स्टेक्स ही वेगळी यंत्रणाही उभी केली. तरी फ्रान्सच्या टोटल कंपनीने 2018 मध्येच इराणमधलं काम सोडलं होतं. सरकार पाठीशी असूनही अमेरिकी निर्बंध अंगावर घेणं तिला परवडणारं नव्हतं. तेव्हा निर्बंध असलेल्या देशाची ऑर्डर आली, तर युरोप काय म्हणतो यावर विसंबू नका. सूत उचलण्याआधी बँकेच्या फॉरेक्स विभागात जाऊन विचारा.