सर्जरीच्या पीजींनो, थीसिसमधल्या या चुका टाळा

इंदूरला सर्जरीच्या पीजींचे, म्हणजे एमएस करणाऱ्या डॉक्टरांचे थीसिस तपासून तपासून आता चूक कुठल्या पानावर निघणार, ते आधीच कळायला लागलंय.

सगळ्यात जास्त डोकं फिरवते ती ही: पेशंटचा डिस्चार्ज झाला की अभ्यास संपला. जखमेच्या इन्फेक्शनचा विषय दरवर्षी कुणीतरी घेतोच. सीडीसीच्या (अमेरिकेची रोगनियंत्रण संस्था) व्याख्येप्रमाणे वरवरच्या इन्फेक्शनसाठी ऑपरेशननंतर ३० दिवस लक्ष ठेवावं लागतं, हर्नियात खोल इन्फेक्शनसाठी ९०. आमचे पेशंट तर टाके काढायच्या आधीच झाबुआ-आलीराजपूरकडच्या आपल्या गावी परततात. एकाने हर्नियाचा मास्टर चार्ट, म्हणजे सगळ्या पेशंटच्या माहितीचा तक्ता आणला. इन्फेक्शनच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत ‘नाही’. इतक्या स्वच्छ जखमा मी कुठल्याच वॉर्डात पाहिल्या नव्हत्या.

‘‘फोन केलेस का रे?’’

‘‘सर, नंबर लागतच नाहीत.’’

त्यातला एक मीच लावला. किराणावाल्याने उचलला. पेशंट सोयाबीन काढून गुजरातेत मजुरीला गेलेला. दुकानदाराने त्याच्या बायकोला बोलावून फोन दिला. ती म्हणाली, जखम महिनाभर वाहत होती, गावातल्याच डॉक्टरकडे पट्टी केली. चिरंजीवांच्या चार्टवर मात्र ‘नाही’. अरे, ‘माहीत नाही’ असा वेगळा रकाना ठेवायला काय जातं? फॉलो-अप सुटला तर सुटला म्हणून लिहा, परीक्षक खात नाहीत.

मी भरतीच्या वेळीच दोन नंबर घ्यायला लावतो. एक पेशंटचा, दुसरा गावातच राहणाऱ्या कुणाचा तरी. आणि दोन्ही तिथेच, खाटेपाशी उभं राहून लावून बघायचे. पुढचे फोन हाटाच्या, म्हणजे आठवडी बाजाराच्या दिवशी करायचे, तेव्हा माणूस गावाबाहेर पडतो आणि रेंजमध्ये येतो.

संमतीपत्र हिंदीत छापलं म्हणजे झालं, असंही नाही. भिली बोलणाऱ्या, वाचता न येणाऱ्या बाईला ते तिच्या भाषेत समजावून अंगठा घ्यायचा आणि साक्षीदार त्रयस्थ हवा. शेजारचा को-पीजी चालत नाही.

दुसरा राग सॅम्पल साइझवर, म्हणजे अभ्यासात किती पेशंट घ्यायचे त्यावर. आधी ‘साठेक केसेस होतील’ असं ठरवायचं, मग उत्तर तिथे येईपर्यंत एरर, म्हणजे चालवून घ्यायची चूक, ताणायचा. चार पीक्यू भागिले एलचा वर्ग, हे सूत्र सगळ्यांना पाठ असतं: पी म्हणजे अपेक्षित प्रमाण, क्यू म्हणजे १०० वजा पी, एल म्हणजे एरर. प्रमाण २० टक्के आणि एरर ५ धरला तर २५६ पेशंट लागतात. एरर १० केला की ६४. मग खुशी! पण १० म्हणजे खरं प्रमाण १० ते ३० मध्ये कुठेही असू शकतं. एवढ्या मोठ्या भोकांच्या चाळणीने काय चाळणार? ६४च जमणार असतील तर विषय बदला.

दोन उपचारांची तुलना करणार असाल तर सीटीआरआयची, म्हणजे क्लिनिकल ट्रायल्सच्या राष्ट्रीय नोंदवहीतली नोंदणी पहिल्या पेशंटच्या आधी. १ एप्रिल २०१८पासून ती मागाहून होत नाही.

एक्सेलमध्ये वय ‘45 वर्षे’ असं नाही, नुसतं ४५.

रिसर्चचा सक्तीचा ऑनलाइन कोर्स दुप्पट वेगाने पळवणारे मला सिनॉप्सिसच्या (थीसिसच्या आराखड्याच्या) पहिल्याच परिच्छेदात ओळखू येतात.

आणि स्टॅटिस्टिशियनकडे प्रोटोकॉल (अभ्यास कसा करणार ते लिहिलेला कागद) घेऊन पहिल्याच वर्षी जा. थीसिस परीक्षेच्या सहा महिने आधी द्यायचा असतो. त्या आठवड्यात पेन ड्राइव्ह घेऊन ‘पी व्हॅल्यू काढून द्या’ म्हणणाऱ्यांची रांग त्याच्या दाराशी असते, आणि तेव्हा नसलेला डेटा तोही आणू शकत नाही.